सांगलीचा राजाश्रय ते गेमिंगचे अनुदान : आष्ट्याहून दिसणारा एक इतिहास

१६ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स या उद्योगांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. २०५० पर्यंतचा आराखडा, एकूण ३,२६८ कोटी रुपये. त्याच आठवड्यात आष्ट्यातल्या एका मित्राचा फोन आला. तो पुण्यात नोकरी करतो आणि रात्री जागून मोबाईलसाठी एक छोटा गेम बनवतो. त्याने विचारले, "शासन गेम करायला पैसं देणार म्हणत्यात. खरं हाय का रं? आजवर कधी दिल्यात का असं?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शासन निर्णयात मिळेल. हा थ्रेड दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

खेळ, तमाशा, नाटक, कुस्ती, चित्रपट, म्हणजे ज्याला एरवी 'रिकामपणचे उद्योग' म्हटले जाते, त्यासाठी आपल्या भागात सार्वजनिक तिजोरीतून पैसा कधी आणि कसा गेला? कागदपत्रे चाळताना मला एक गोष्ट वारंवार दिसली. पैसा किती दिला यापेक्षा तो कोणत्या टप्प्यावर आला आणि कोणत्या रूपात आला, यावर पुढचे सारे ठरले. सुरुवात आष्ट्यापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर करू.

इंग्रजी अमलात आष्टा हे सातारा जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात होते. शेजारची सांगली मात्र पटवर्धनांचे संस्थान होती. (आजचा जिल्हा तेव्हा नव्हताच. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.) या संस्थानाचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्यापुढे १८४२ मध्ये कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींनी आपले खेळ केले. अप्पासाहेबांना ते आवडले, पण असे काही मराठीत आणि अधिक नेटके व्हावे, असेही वाटले. त्यांनी हे काम पदरच्या एका तरुणाला सांगितले. त्याचे नाव विष्णु अमृत भावे, अर्थात विष्णुदास भावे. वय विशी-पंचविशीच्या घरात, म्हणजे हा थ्रेड वाचणाऱ्या बहुतेकांचे जे आहे तेच.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीच्या राजवाड्यात 'सीता स्वयंवर' झाले. रंगभूमी दिनामुळे ही तारीख आपल्याला पाठ आहे. पण त्या रात्रीमागचा व्यवहार क्वचितच कोणी सांगतो. नाटक करणारी मराठी मंडळी तेव्हा नव्हती, नट नव्हते, पोशाख नव्हते, प्रेक्षक तिकीट काढतो ही कल्पना नव्हती. बाजारच अस्तित्वात नव्हता. अशा वेळी खर्चाचा भार कोणीतरी परताव्याची अपेक्षा न धरता उचलावा लागतो आणि तो संस्थानाने उचलला. आजच्या भाषेत याला 'सीड फंडिंग' म्हणतील. मला तो शब्द फारसा आवडत नाही, पण अर्थ तोच आहे. पेरणीच्या वेळी दिलेला पैसा.

भावे यांनी पुढे पौराणिक आख्यानांवर नाटकांमागून नाटके रचली. सूत्रधार पदे गाई आणि पात्रे आपापली भाषणे ऐनवेळी उभी करीत. याच गृहस्थाने लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या, सांध्यांसकट हालणाऱ्या. त्या बाहुल्या पुढे रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणल्या. निर्जीव आकृतीत हालचाल भरण्याच्या धंद्याला आपण आज ॲनिमेशन म्हणतो, हे येथे नोंदवून ठेवतो. याचा संबंध पुढे येईल.

१८५१ मध्ये अप्पासाहेब वारले आणि राजाश्रय संपला. गादीवरचा माणूस बदलताच खर्चाची बाब गैरवाजवी ठरली. नाटकमंडळी राहिली आणि डोक्यावर कर्जही राहिले. मदत ही अप्पासाहेबांच्या आवडीतून आली होती. संस्थानाच्या नियमांत तिला जागा नव्हती, त्यामुळे ती त्यांच्याबरोबरच गेली.

मग भावे मंडळी घेऊन गावोगाव निघाले. १८५३ मध्ये ते मुंबईला पोहोचले आणि ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून प्रयोग केले. (नावातले 'ग्रँट' म्हणजे गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट, अनुदानाशी त्याचा काही संबंध नाही. नाट्यगृह उभे राहिले ते जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने.) मराठी नाटक धंदा म्हणून उभे राहिले ते येथून. 'राजाश्रय सुटला म्हणून नाटक स्वावलंबी झाले,' असा निष्कर्ष यावरून काही जण काढतात. मला तो अर्धवट वाटतो. मुंबईच्या प्रेक्षकाने तिकीट काढले ते आठ वर्षे सरकारी खर्चाने घडलेल्या कलेचे. ती आठ वर्षे वजा केली, तर १८५३ मध्ये विकायला काय होते?

संस्थानिकाच्या मर्जीपेक्षा समितीच्या निर्णयाने पैसा वाटणे अधिक न्याय्य, असे आपल्याला सहज वाटते. योगायोगाने याच काळात पुण्यात तोही प्रयोग चालू होता. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजांनी पुढे चालू ठेवली होती. १८४९ मध्ये सुधारक तरुणांनी अर्ज केला की या निधीतला काही भाग उपयुक्त मराठी ग्रंथांच्या बक्षिसांसाठी वळवावा. सनातन्यांचा विरोध झाला, पण सरकारने मागणी मान्य केली आणि दक्षिणा प्राइज कमिटी अस्तित्वात आली. मराठी लेखनाला सार्वजनिक पैशातून स्पर्धेने मदत देण्याचे हे पहिल्या काही प्रयत्नांपैकी एक. १८५५ मध्ये याच कमिटीकडे एक नाटक आले. जोतीराव फुले यांचे 'तृतीय रत्न'. पुरोहित एका गरीब कुणबी जोडप्याला कसा लुबाडतो, हा त्याचा विषय. कमिटीने ते नाकारले. फुल्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले की कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे आपल्या नाटकाचे काही चालले नाही. जे नाटक आज आधुनिक मराठी नाटकाच्या आरंभाशी ठेवले जाते, ते बक्षिसास पात्र ठरले नाही आणि त्यांच्या हयातीत छापलेही गेले नाही. म्हणून कोणत्याही अनुदान योजनेचा कागद हाती आला की मी रकमेआधी समितीची रचना वाचतो. सवय लागली आहे.

आता शंभर वर्षे ओलांडून कृष्णाकाठीच, कराडजवळच्या गोळेश्वरला येऊ. गेमिंगच्या थ्रेडमध्ये कुस्ती कशाला, असे कोणी विचारील. ईस्पोर्ट्सला 'खेळ' म्हणून पैसा मागितला जातो, तेव्हा खेळाडूला पैसा कसा मिळत आला हेही पाहावे लागते. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांचा खर्च केला. १९५२ च्या हेलसिंकीपर्यंत संस्थाने विलीन झाली होती. राजाश्रय संपला होता आणि त्याची जागा घेणारी शासकीय व्यवस्था अजून नीट उभी नव्हती. खाशाबांना वर्गणी गोळा करावी लागली. गावकऱ्यांनी दिले आणि राजाराम महाविद्यालयाच्या त्यांच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या पैशावर गेलेल्या मल्लाने स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले. गौरवाची कथा म्हणून आपण ती सांगतो, पण मला ती दरवेळी लेखापरीक्षणातल्या शेऱ्यासारखी वाटते. ते गहाण घर लक्षात ठेवा.

शासन आणि व्हिडिओ गेम यांची पहिली गाठ मात्र अनुदानाच्या दालनात पडली नाही. ती पडली करवसुलीच्या टेबलावर.

मुंबई इलाख्यात १९२३ मध्ये करमणूक कराचा कायदा झाला. नाटक-सिनेमाच्या तिकिटावर कर, हे त्याचे मूळ रूप. दुरुस्त्या होत होत पुढे केबल, पूल, बोलिंग आणि व्हिडिओ गेमही त्यात आले. पार्लरमधल्या गेमवर यंत्रामागे दरमहा ठरावीक कर बसला. शिवाय सार्वजनिक करमणुकीची जागा म्हणून पोलिसांचा परवाना लागे. जुगाराचा संशय आला तर १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा होताच. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट होती, त्यामुळे 'हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा' हा वाद पुढे सव्वाशे वर्षे न्यायालयांत चालला. थोडक्यात, काल्पनिक अंतराळयाने पाडणाऱ्या पोराकडे शासन दोनच नजरांनी पाहत होते. करदाता म्हणून, नाहीतर संशयित म्हणून.

पण याच करातून एक वेगळी वाट निघाली. १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मराठी चित्रपटांसाठी करमणूक कर परतावा योजना आणली. मराठी चित्रपटाच्या तिकिटांवर जमलेला कर निर्मात्याला परत मिळेल, अट एवढीच की त्याने पुढचा चित्रपट महाराष्ट्रातच करावा. योजना साधी होती आणि तिने काम केले. हिंदीपुढे दबलेल्या मराठी पडद्याला तिने श्वास दिला, हे नाकारता येणार नाही. तरी तिचे गणित पाहा. परतावा जमलेल्या कराच्या प्रमाणात. म्हणजे ज्याचा चित्रपट चालला त्याला जास्त, ज्याचा पडला त्याला थोडे आणि ज्याने अजून पहिला चित्रपट केलाच नाही त्याला शून्य. ही सुगीच्या वेळची मदत होती, पेरणीची नव्हे. पुढे शासन दर्जानुसार अनुदानाकडे वळले. 'अ' दर्जाला ४० लाख, 'ब' दर्जाला ३० लाख. येथे गल्ल्याऐवजी समितीचे मत आले, पण पैसा चित्रपट पूर्ण झाल्यावरच. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि राज्याचा जुना करमणूक कर त्यात विरघळला.

बाहेरच्या जगात डोकावले, तर या उद्योगाचा पाळणाच सरकारी पैशाचा दिसतो. ईस्पोर्ट्सची पहिली स्पर्धा म्हणून जिचा उल्लेख होतो, ती १९ ऑक्टोबर १९७२ रोजी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झाली. खेळ होता 'स्पेसवॉर', बक्षीस 'रोलिंग स्टोन' मासिकाची वर्षभराची वर्गणी. ती प्रयोगशाळा चालत होती अमेरिकी संरक्षण खात्याच्या निधीवर. १९९७ मध्ये क्वेबेक आणि कॅनडाच्या सरकारांनी फ्रेंच कंपनी युबिसॉफ्टला माँट्रियलला आणले ते दर नोकरीमागे वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंत मदत देऊन. त्यातून शहरात मोठा उद्योग उभा राहिला. त्याचबरोबर, मदत आधीच मोठ्या असलेल्या कंपनीच्या पदरात पडते, हा आक्षेपही तेथे उभा राहिला. ब्रिटनने २०१४ मध्ये गेमसाठी करसवलत दिली, तिला 'सांस्कृतिक कसोटी' जोडली. कथा, पात्रे, कारागीर आपले आहेत का, हे गुण देऊन तपासायचे. आपल्या परताव्याच्या 'पुढचा चित्रपट महाराष्ट्रातच' या अटीची ही दूरची चुलत बहीण म्हणता येईल.

भारतात कर्नाटकाने २०१२ मध्येच या क्षेत्रासाठी धोरण केले. केंद्राच्या २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात कृती दलाची घोषणा झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात ईस्पोर्ट्सचा विषय क्रीडा मंत्रालयाकडे आला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याने ईस्पोर्ट्सला मान्यता आणि प्रोत्साहनाची वाट दिली आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे. १८८७ पासूनची ती जुनी भिंतच पाडली गेली. मुंबईच्या ड्रीम इलेव्हनचा सशुल्क खेळ थांबला आणि भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून तिचे नावही उतरले. एकाच कायद्यात एका गेमला आश्रय, दुसऱ्याला मज्जाव. आष्ट्यातल्या एखाद्या आईला दोन्हींत फरक दिसत नाही. तिच्या लेखी दोन्ही 'मोबाईलच'. म्हणून ही रेघ समजून घेणे गरजेचे आहे. अनुदानाची भाषा पहिल्या प्रकाराबद्दल चालू आहे.

आता ते गहाण घर.

२०१७ च्या अखेरीस पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने 'राजी : ॲन एन्शंट एपिक' या गेमसाठी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली. ठरलेली रक्कम जमली नाही आणि मोहीम फसली. त्यानंतर संस्थापकांपैकी एकाने आपले घर विकून काम चालू ठेवले. पुढे एका परदेशी गेम कंपनीच्या विकासनिधीतून मदत मिळाली, प्रकाशक मिळाला आणि २०२० मध्ये गेम बाजारात आला. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन होते. त्यातली कथा पुढे सरकते ती छायाबाहुल्यांच्या शैलीतल्या दृश्यांमधून. सांगलीच्या भाव्यांनी हे पाहिले असते, तर त्यांनी सांधे कसे जोडलेत ते आधी विचारले असते.

१९५२ मध्ये ऑलिंपिकसाठी एक घर गहाण पडले आणि सहा-सात दशकांनी एका गेमसाठी पुण्यात एक घर विकले गेले. महाराष्ट्रात तेव्हा गेमनिर्मितीसाठी असे स्वतंत्र धोरण नव्हते. करमणुकीवर कर लावायची यंत्रणा मात्र १९२३ पासून होती.

आता धोरण आहे. आकडे नीट वाचा. ३,२६८ कोटींपैकी पहिल्या पाच वर्षांसाठी ३०८ कोटी आणि त्यानंतरच्या वीस वर्षांसाठी २,९६० कोटी. म्हणजे पहिल्या पाच वर्षांत एकूण रकमेच्या दहा टक्क्यांहूनही कमी. सावकाश वाढणाऱ्या उद्योगासाठी हे शहाणपणाचे असेलही. पण २०५० पर्यंत किती मंत्रिमंडळे येतील, याचा हिशेब १८५१ ची सांगली आठवून करावा. दुसरीकडे केंद्राने सुमारे ४०० कोटींच्या तरतुदीने मुंबईत भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था उभी केली आहे. तिचा पहिला परिसर जुलै २०२५ मध्ये सुरू झाला, मोठा परिसर गोरेगावच्या चित्रनगरीत होणार आहे. संस्था मर्जीपेक्षा टिकाऊ असते, म्हणून हा भाग मला अधिक भरवशाचा वाटतो.

आष्ट्यापुरते बोलायचे, तर येथे कौशल्याचा तुटवडा नाही. गावात १९९९ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, इस्लामपूरजवळ त्याहून जुने आहे. सार्वजनिक पैसा कंपनीत कसा उतरतो, हेही येथल्या लोकांना चांगले ठाऊक आहे. या तालुक्यातली मागची पिढी सहकारी साखर कारखान्यांवर वाढली आणि त्या कारखान्यांचा साचा होता शेतकऱ्यांचे शेअर, शासनाचे भागभांडवल आणि कर्जाला शासनाची हमी. तो पैसा चिमणी पेटण्याआधी आला होता, हे विशेष. ऊस गाळून दाखवा, मग भांडवल देऊ, असे कोणी म्हटले नव्हते. त्या कारखानदारीचे पुढे काय झाले यावर वेगळा थ्रेड लागेल. परंतु गेमसाठी पाच-दहा लाखांची, पहिला नमुना तयार होण्याआधी मिळणारी, मुंबईपुण्याबाहेरच्या अर्जदारालाही गाठणारी मदत का नसावी, हा प्रश्न त्या साच्याकडे पाहून कोणालाही विचारता येईल. आणि तिच्या निवड समितीत कोण बसणार, हा प्रश्न फुल्यांचे नाटक आठवून.

मित्राला मी हे सारे फोनवर सांगितले, यापेक्षा विस्कळीतपणे. त्याच्या गेमचा पहिला टप्पा चौंडेश्वरीच्या भावईतल्या मुखवट्यांवर बेतलेला आहे. आष्ट्याच्या माणसाला तो पाहताक्षणी ओळखू येईल. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, "म्हंजे आधी गेम पुरा कराय लागंल, व्हय?" सध्या तरी तसेच दिसते, मी म्हटले. लॅपटॉपचे हप्ते मार्चपर्यंत आहेत. तोवर दुसरा टप्पा होईल, असे तो म्हणाला.